थांबण्याचा सराव



बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे आपणां सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २८ अडथळे, शिवाय सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. घोट्यावर केवढा भार! २०१८ साली घोट्याच्याच दुखापतीमुळे ते आशियाई क्रीडा स्पर्धेला मुकले. त्याच सप्टेंबरात भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्यांनी गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला. विक्रमाची बातमी होते, त्याआधीच्या सक्तीच्या विश्रांतीची होत नाही. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धाही हुकली.

हे मुद्दाम सांगते आहे. प्लास्टर निघताच ‘बाई, निवड चाचणी आहे, पळू द्या तिला’ असा आग्रह धरणारे पालक दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यांची तळमळ मला कळते. परवानगी मात्र मी देत नाही. जयंती स्टेडियम पुढच्या वर्षीही जागेवरच असेल. डॉक्टर होकार देईपर्यंत मुलीने मैदानाच्या कडेला बसून मैत्रिणींच्या वेळा नोंदवाव्यात. घड्याळ शाळा देईल.