मिरियम मकेबांची चार अक्षरं



सभागृहात येताना मानसशास्त्राच्या मुलांनी मांडलेलं प्रदर्शन पाहिलं. मायर्स-ब्रिग्ज चाचणीतले सोळा स्वभावप्रकार आणि प्रत्येकाखाली एकेका कलावंताचा फोटो. दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबा ‘ईएसएफपी’च्या चौकटीत होत्या. म्हणजे बहिर्मुख, आला क्षण रंगवणाऱ्या. शेजारच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, बरोबर आहे ना?” तिच्या प्रश्नाचं उत्तर मी इथं देते.

त्यांचं ‘पाता पाता’ हे गाणं ऐकलं की हा अंदाज कुणालाही पटेल. पण रंगमंच हे त्यांचं कामाचं ठिकाण होतं. कीर्तनात रंगलेले बुवा घरीही तसेच बोलके असतील, असं आपण म्हणत नाही. शिवाय ही चाचणी माणसानं स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांवर चालते, आणि तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो. मकेबांची उत्तरं आपल्याकडे नाहीत. आयुष्य मात्र आहे.

1932 साली जोहान्सबर्गमध्ये जन्म. त्या अठरा दिवसांच्या असताना घरी बिअर गाळून विकल्याबद्दल आईला अटक झाली. आईबरोबर तान्ह्या मिरियमनंही सहा महिने तुरुंगात काढले. 1960 मध्ये ती आई वारली. मकेबा अमेरिकेत होत्या. अंत्यविधीला जायला निघाल्या, तर पासपोर्ट रद्द केलेला! मुलांनो, आईला माती द्यायलाही जाता आलं नाही. तीन वर्षांनी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे वर्णभेदाविरुद्ध साक्ष दिली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं नागरिकत्व काढून घेतलं, रेकॉर्डवर बंदी घातली. 1968 मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले नेते स्टोकली कारमायकल यांच्याशी लग्न केलं, तर अमेरिकेतले कार्यक्रम रद्द होऊ लागले. त्या गिनी देशात राहायला गेल्या. तिथंच 1985 मध्ये एकुलती एक मुलगी बोंगी गेली. मायदेशी पाऊल पडलं ते 1990 साली.

आता ती चौकट पाहा. भावनेला कौल देणारं ‘एफ’ राहू दे. आतून हलल्याशिवाय माणूस अशी साक्ष देत नाही. येईल तसं वागण्याचं शेवटचं ‘पी’ मात्र मी खोडीन आणि ठरवून वागण्याचं ‘जे’ लिहीन, कारण इतकी वर्षं त्या एका भूमिकेवरून ढळल्या नाहीत. हा निश्चय उपजत होता, की परतीचा रस्ता बंद करणाऱ्यांनी तो घडवला? मला दुसरं जास्त खरं वाटतं, आणि त्याला या चाचणीत अक्षरच नाही. पहिल्या, बहिर्मुखतेच्या ‘ई’बद्दल मी बोलणार नाही. गाणं थांबल्यावर त्या कशा असत, हे मी पाहिलेलं नाही.

9 नोव्हेंबर 2008. इटलीतलं कास्तेल वोल्तुर्नो. माफियांविरुद्ध लिहिणाऱ्या रोबेर्तो साव्हियानो यांच्या पाठिंब्यासाठी शहात्तर वर्षांच्या मकेबा गायल्या, आणि गाणं संपताच कोसळल्या. त्याच रात्री त्या गेल्या. आज संध्याकाळी तुमच्यातला एक गट ‘पाता पाता’ गाणार आहे, असं कळलं. त्या रात्री त्यांनी शेवटचं म्हटलं, ते हेच गाणं.