उकळलेलं पाणी
(सिकंदराबादेत मराठी भगिनींच्या हळदीकुंकवाला केलेल्या भाषणाचा मजकूर)

हळदीकुंकवाला पाण्यावर कसलं भाषण, असं मघाशी कुणीतरी हळूच म्हणालं. मी ऐकलं. पण इथं बसलेल्या कितीतरी जणींच्या मुली-सुना बाळंतपणाला गावाकडे जातात नाहीतर गावाकडून इकडे येतात, म्हणून बोलते.

आपल्या नळाला जी मांजरा येते ती बीड जिल्ह्यात उगम पावते. लातूर, बिदर करत इथवर पोचते, सीमेवर तिला कुणी अडवत नाही. ते झालं नदीचं पाणी. नळ आला नाही की आपण बोअरवर जातो. ते खडकातलं पाणी. इथला खडक ग्रॅनाइटचा, नलगोंड्याचा तसाच आणि माझ्या माहेरी किनवटकडेही बराचसा तसाच. या खडकातून पाण्यात फ्लोराइड उतरतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही.

आता माझीच चूक सांगते. 1998 साली माझी धाकटी बहीण पहिलटकरीण होती. मी इथं एका दवाखान्यात नर्स. घरात माझा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. मी चिठ्ठी पाठवली, तिला हापशाचं पाणी वीस मिनिटं उकळून द्या. आई बिचारी रोज चुलीवर पातेलं चढवायची. नऊ महिने.

उकळल्यानं जंतू मरतात, तेवढं खरं. 2005 मध्ये हैदराबादेत काविळीची साथ आली, गटाराचं पाणी नळात शिरून. त्या हिपॅटायटिस ई काविळीत शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बायका दगावण्याचा धोका फार मोठा असतो. तिथं उकळणं जीव वाचवतं. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही. वाफ होते पाण्याची, फ्लोराइड पातेल्यातच राहतं. म्हणजे उरलेलं पाणी आणखी जहाल. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी नर्स होते.

भाचा उशिरा बोलायला लागला. शाळेत पाढे राहात नव्हते. सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा नव्या दातांवर तपकिरी पट्टे आले, तेव्हा कुणीतरी पाणी तपासा म्हणालं. हापशात मर्यादेच्या दुपटीहून जास्त फ्लोराइड निघालं. आपल्याकडे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीड. दातांचे पट्टे फ्लोराइडचे, यात शंका नाही. पण तो मागे पडला तो पाण्यामुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. एका मुलाकडे बघून ते कुणालाच सांगता येणार नाही. बहिणीला मात्र सासरी किती वर्षं ऐकावं लागलं, ग्रहणात भाजी चिरली होतीस का म्हणून.

पुष्कळ मुलं एकत्र तपासली की चित्र दिसतं. फ्लोराइड वारेतून बाळापर्यंत जातं. मेक्सिकोत गरोदर बायकांच्या लघवीतलं फ्लोराइड मोजून पुढे त्यांची मुलं तपासली. 2017 साली निकाल आले. आईत फ्लोराइड जास्त, तिथं मुलांचे बुद्धिचाचणीतले गुण सरासरीने कमी. 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारी विषविज्ञान विभागाने जगभरचे अभ्यास चाळून सांगितलं की दीड मिलिग्रॅमच्या वर हा संबंध दिसतो. त्याखालच्या पाण्याबद्दल तसं म्हणता आलं नाही. तेव्हा नळाच्या पाण्याला उगाच घाबरू नका.

आणखी एक गोष्ट आहे, रक्त कमी होण्याची. दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला यांनी 2010 मध्ये दाखवलं की गरोदर बाईच्या पोटात जाणारं फ्लोराइड थांबवलं आणि दूध, भाज्या, फळं वाढवली, तर हिमोग्लोबिन चढतं आणि बाळाचं वजनही सुधारतं. नुसत्या लोहाच्या गोळ्या गिळून रक्त का वाढत नाही, याचं एक उत्तर यात आहे. त्या काळं मीठही बंद करायला सांगतात, त्यात फ्लोराइड असतं. आणि आपण डोहाळे लागले म्हणून चिंच-आवळ्याला तेच लावून देतो!

उपाय आपल्याच माणसांनी शोधला होता. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवायची रीत नागपूरच्या 'नीरी'ने काढली, नाव पडलं नलगोंडा पद्धत. आज आरओनेही ते निघतं. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरने निघत नाही, त्यावर विसंबू नका.

मुलगी सातव्या महिन्यात माहेरी निघते, तेव्हा साडी कोणती, ओटीत काय, हे सगळं विचारतो. तिथं पाणी कुठलं पिणार, हे विचारा. गावात जलजीवन मिशनचा तपासणी संच असतो, तो चालवायला बायकांनाच शिकवलेलं असतं. नाहीतर नमुना इकडे मागवा. बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको. त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, वर गावाचं आणि हापशाचं नाव लिहा.

माझा तो भाचा आज गावात मोटारी दुरुस्त करतो, हात चांगला आहे त्याचा. त्याची बायको पाच महिन्यांची आहे. नव्या बोअरच्या पाण्याची बाटली त्याने काल कृष्णा एक्सप्रेसने पाठवली. आज सकाळी मी ती प्रयोगशाळेत देऊन आले. निकाल गुरुवारी मिळेल.