होकार मिळाला, आता करार वाचा

पुण्यात खोली शोधताना नाव सांगितल्यावर "घरी विचारून कळवतो" हे उत्तर तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. त्या नकारांवर आपण पुष्कळ बोलतो. मला बोलायचंय ते सहा-सात नकारांनंतर येणाऱ्या होकाराबद्दल. त्या सुटकेच्या आनंदात आपण न वाचता सही करतो, आणि एजंटला हे पक्कं ठाऊक असतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. "नोटरी पुरे" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगतो त्या अटी धरल्या जातात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. पण ऐन परीक्षेत कोर्टात कोण जाणार?

म्हणून मसुदा एक रात्र घरी न्या. 'लॉक-इन' शब्द शोधा: त्या मुदतीत खोली सोडली तर उरलेलं भाडं मागतात. रंगकामाचे किती कापणार, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहून घ्या. डिपॉझिट बँकेतूनच द्या. चौघं राहणार असाल तर चौघांची नावं हवीत.

पाण्याचं मालकाला नाही, वॉचमनला विचारा. सोसायटीला विद्यार्थी चालतात का, हेही त्यालाच. मालक हो म्हणतो आणि आठवड्याने सेक्रेटरी दार वाजवतो, असं होतं. किल्ली मिळेल त्याच दिवशी भिंती, नळ, मीटरचे फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.