हयातीचा दाखला

(वर्षावास समारोपप्रसंगी केलेले भाषण)



‘मरणानुस्सती’ हा विषय आम्हाला देताना चिटणीस म्हणाले, “तुम्ही बोला, लोक हसतील तरी!” आमचे जन्माचे दुखणे हेच आहे. आम्ही घसा खाकरला तरी मंडळी हसायला तयार.

आम्ही बँकेत कारकून. मरणाशी आमची गाठ स्मशानापेक्षा काउंटरवर जास्त पडते. दर नोव्हेंबरला निवृत्त मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. माणूस समोर खोकत उभा असतो आणि आम्ही त्याच्याकडे जिवंत असल्याचा पुरावा मागतो. २०१४ पासून यंत्रावर अंगठा ठेवूनही हे काम होते. पण ज्यांनी जन्मभर झाडू किंवा फावडे धरले, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. एक बाबा तीनदा अंगठा लावून म्हणाले, “साहेब, मेलो असेन तर सांगून टाका. उगाच रांगेत कशाला उभा राहू?” शेवटी चेहरा दाखवून ते जिवंत ठरले. लगेच त्यांनी दहा वर्षांच्या ठेवीचा अर्ज मागितला. वय एक्याऐंशी! आम्ही चमकून पाहिले, तर म्हणाले, “नातीच्या शिक्षणाला लागतील. वारस तीच लावा.”

मरण विसरल्याशिवाय आशा धरता येत नाही, असे पुष्कळांना वाटते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. ६ तारखेला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली निघाला. देह थकला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, म्हणून तर ती घाई होती.

आणि किसा गोतमी! मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरली, तेव्हा लोकांनी तिला वेडी ठरवले. तथागतांनी मात्र तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि, ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण, असे काम सांगितले. आमच्या मते त्या दिवशी तिला पहिल्यांदा कोणीतरी माणसात धरले.

आमच्या बाबतीत उलटे झाले. आपल्याच एका सभासद मित्राला आम्ही दोन वर्षे सांगत होतो, “खात्याला वारसदार लाव.” विनोदाची सवय, म्हणायचो, “तू गेल्यावर वहिनींना आमचे तोंड रोज पाहावे लागेल.” तो खळखळून हसायचा. तो गेला. वहिनी अकरा महिने कागद घेऊन आमच्यासमोर येत होत्या. प्रतिज्ञापत्र, जामीनदार, इतर वारसांची संमती. आमचा विनोद खरा ठरला आणि त्या एकदाही हसल्या नाहीत. तेव्हा तोंड आवळून, एकदाच नीट सांगितले असते तर त्याने ऐकले असते का, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

म्हणून आज हसू नका. निदान आता थोडा वेळ. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांची नावे लावता येतात; तेव्हा बायको की आई, हे भांडणही राहिलेले नाही. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आईवडिलांची पासबुके पाहावीत. नाव लावले असेल तर बहुधा तिथेच छापलेले असते.

अर्ज मागच्या टेबलावर ठेवले आहेत. पेन दोरीने बांधले आहे, ती आमच्या बँकेची सवय आहे, राग मानू नये. चहा अर्ज भरल्यानंतर मिळेल.

जयभीम.