लेक परत आली, कागद तिकडेच राहिले

(निंबर्गा येथे झालेल्या महिला मेळाव्यात मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाचा मेळावा म्हटला की सीमाप्रश्न, शाळा आणि पाट्या यांवर भाषण व्हायचं, ही आपली रीत. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला दावा, ८६५ गावं, महाजन आयोग, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. आज आम्ही ते बोलणार नाही. आज सीमेच्या अशा एका काचाबद्दल बोलायचं आहे, जो आपल्या घराघरात आहे आणि ज्याच्यावर आपण आजवर एकही ठराव केलेला नाही.

आपल्या लेकी अक्कलकोट, सोलापूर, उमरगा या बाजूला दिल्या जातात आणि तिकडच्या सुना आपल्याकडे येतात. पाहुणे बघताना राज्य कोणतं हे आपण कधी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. आपले आजोबा हैदराबाद संस्थानात जन्मले, १ नोव्हेंबर १९५६ ला ओसरीवरून न उठता म्हैसूर राज्यात गेले, आणि १९७३ ला त्याच ओसरीवर बसून कर्नाटकाचे झाले. माणूस हलला नाही, कागद हलले. आता लेकींचं उलट होतं. लेक हलते, चार-सहा वर्षांनी माघारी येते, आणि कागद मात्र सासरीच राहतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक लेक आली. नाव-गाव सांगत नाही, तिची तशी इच्छा आहे. सीमेपलीकडे दिलेली, पदरी एक मुलगा. नवऱ्याशी पटेना म्हणून वडिलांकडे आली त्याला दोन वर्षं झालेली. घटस्फोट नाही, कोर्टात काही नाही, नुसती वेगळी राहते. आधार कार्डावर सासरचा पत्ता, रेशन कार्डावर सासऱ्यांच्या खाली नाव, मुलाचा जन्मदाखला सासूच्या पेटीत. एका कचेरीत तिला सांगितलं, नवऱ्याची सही आणा. दुसरीकडे सांगितलं, घटस्फोटाचा हुकूम आणा. तिसरीकडे सांगितलं, तुम्ही या राज्याच्याच नाहीत. बाईचा जन्म याच गावातला! वडील घरी येऊन म्हणाले, ‘पोरीला मी भाकरी देतो, पण पोरगी माझी आहे हे सिद्ध कुठं करू?’

हा पेच नेमका कुठे बसतो ते बघू. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू केली, महिना १५०० रुपये. तिच्यात एक चांगली तरतूद आहे. परराज्यात जन्मलेल्या बाईने महाराष्ट्रातल्या रहिवासी पुरुषाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालतं. म्हणजे आपल्या लेकीचं तिथलं रहिवासीपण नवऱ्याच्या कागदावर उभं. संसार नीट चालला तोवर ठीक. बिनसलं की पहिला कागद तोच आवळतो. २०२५ मध्ये ई-केवायसी आली, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. पुढे विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा हुकूम देऊन वाट काढली गेली. पण योजनेच्या पात्रतेतच ‘परित्यक्ता’ हा शब्द आहे, आणि परित्यक्तेकडे ना दाखला असतो ना हुकूम. टाकून दिल्याची पावती कोण देतं?

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. गृहलक्ष्मीचे २००० रुपये ऑगस्ट २०२३ पासून रेशन कार्डावर जी कुटुंबप्रमुख बाई असेल तिला मिळतात. माघारी आलेली लेक आईच्या कार्डावर चढली तरी प्रमुख आईच. वेगळं कार्ड हवं तर आधी सासरच्या कार्डातून नाव कमी झाल्याचा दाखला हवा, आणि तो आणायला जायचं कुणाच्या दारात? परत त्याच.

इथे एक कडू गोष्टही सांगून टाकतो. आपल्यातल्या काही घरांनी लेक इकडे राहत असताना तिकडचे पैसे चालू ठेवले आणि इकडचाही अर्ज भरला. असं करू नका. योजना त्या त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. उद्या वसुलीची नोटीस आली तर ती बाईच्या नावे येईल, सल्ला देणाऱ्याच्या नावे नाही. आणि पोटगीच्या दाव्यात समोरचा वकील तोच कागद पुढे करेल.

मग करायचं काय? आम्ही त्या लेकीबरोबर सहा-सात महिने फिरलो, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

सगळ्यात आधी आधारचा पत्ता. बाकीचे सगळे कागद त्याच्या मागून येतात. २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आहे. वडील स्वतःच्या आधारावरून संमती देऊ शकतात, नवऱ्याची सही लागत नाही. नातं दाखवायला वडिलांचं नाव असलेली तिची गुणपत्रिका पुरते. तीही नसेल तर वडिलांचं ठरावीक नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र चालतं. एक ध्यानात ठेवा, अर्ज भरल्यावर वडिलांना ३० दिवसांच्या आत मान्यता द्यावी लागते. आमच्या पहिल्या खेपेला ती राहून गेली, कारण वडिलांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला होता. आधी तो नंबर बघा.

दुसरं, जातीचा दाखला. लग्नाने जात बदलत नाही, हे सुप्रीम कोर्टाने एकाहून अधिक वेळा सांगितलं आहे. दाखला वडिलांच्या कागदांवर मिळतो. सासरचं आडनाव लागलं म्हणून कुणी अडवलं तर लग्नाआधीचा शाळेचा दाखला पुढे ठेवा. अनुसूचित जातीच्या घरांनी तर हे नीट समजून घ्यावं. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव खटल्यापासून नियम असा की एका राज्यातली सवलत दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. म्हणजे आपली लेक सोलापूरला नांदायला गेली तर तिथे तिला सवलतीत अडचण येते. पण इथला मूळचा हक्क त्यामुळे बुडत नाही. परत आल्यावर तो इथेच मागायचा.

तिसरं, ३७१ (जे) चं पात्रता प्रमाणपत्र. बिदर-कलबुर्गीच्या लोकांना नोकरी आणि शिक्षणात मिळालेला हा मोठा आधार २०१३ पासूनचा आहे. आमचं मत स्पष्ट आहे, मुलीचं हे प्रमाणपत्र तिच्या लग्नाआधीच काढून ठेवा. आपण दागिन्यांची यादी करतो, भांड्यांवर नाव घालतो. या कागदाची कुणाला आठवण होत नाही. जन्मदाखला, शाळेचे दाखले, जातीचा दाखला, हे प्रमाणपत्र आणि लग्नाची नोंदणी, यांची एक प्रत माहेरच्या कपाटात राहिलीच पाहिजे. यात सासरच्यांवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. घर जळलं, पाणी शिरलं, तरी तीच प्रत कामाला येते.

आता कोर्टाचं. ‘कोर्टाची पायरी’ म्हटलं की आपली जुनी घरं दचकतात. पण वेगळं राहिल्याचा कागद हवा असेल तर तो इथूनच मिळतो. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथे राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. म्हणजे सासर सोलापूरचं असलं तरी अर्ज आळंदला चालतो. त्याच अर्जात स्त्रीधन आणि अडकवून ठेवलेले कागदपत्र परत मागता येतात. बाल विकास प्रकल्प अधिकारी, ज्यांना आपण सीडीपीओ म्हणतो, ते संरक्षण अधिकारी म्हणून काम बघतात, अर्ज त्यांच्याकडूनही जातो. पोटगीचं पूर्वीचं कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे, तेही बाई राहते तिथे चालतं. घटस्फोटाचा अर्जसुद्धा २००३ च्या दुरुस्तीपासून बायकोला स्वतःच्या राहत्या ठिकाणी करता येतो. वकिलाचा खर्च? बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा, नाहीतर १५१०० ला फोन. मारझोड असेल तर १८१.

आमच्या त्या लेकीने घटस्फोट मागितलेला नाही. तिला अजून आशा आहे, तो तिचा प्रश्न. पण कलम १२ खालचा अर्ज दाखल झाला, त्याला नंबर पडला, आणि त्या नंबराच्या कागदावर आता कचेरीत तिला बसायला खुर्ची मिळते.

मुलाबद्दल थोडक्यात. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा जन्मदाखला नसला, म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. जन्मदाखल्याची दुसरी प्रत ज्या गावात नोंद झाली तिथून आई स्वतः काढू शकते. सासूची पेटी उघडायची गरज नाही.

परदेशचंही बोलावं लागेल, कारण पुणे-हैदराबादच्या वाटेने आपली मुलं अमेरिकेपर्यंत पोचली आहेत आणि तिथे गेलेल्या सुना-लेकींची पत्रं आता आम्हालाही येतात. नवऱ्याच्या एच-१बी वर बायको एच-४ ने जाते. नुसतं वेगळं राहिल्याने तिचा व्हिसा जात नाही, पण घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की त्याचा आधार संपतो. म्हणून दुसरा व्हिसा शोधायचा तर हुकुमाआधी. ग्रीन कार्ड लग्नावर मिळालं आणि तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ते दोन वर्षांचंच असतं. मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज भरायचा असतो. घटस्फोट झाला तर एकटीला तो भरता येतो, मात्र लग्न खऱ्या मनाने केलं होतं याचा पुरावा लागतो: एकत्र बँक खातं, घरभाड्याचा करार, फोटो, पत्रं. नवरा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असून छळ करत असेल, तर १९९४ च्या कायद्याने बाई त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करू शकते. तिकडच्या कोर्टाचं समन्स आलं तर ते पेटीत टाकू नका आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सहीही करू नका. आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, बायकोने ज्या कोर्टाचा अधिकार मानला नाही अशा परदेशी कोर्टाने दिलेला घटस्फोट इथे मान्य होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात ठरवलं आहे. आणि पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव घालण्याची सक्ती नाही, घटस्फोटाचा हुकूमही मागत नाहीत.

बघा, पासपोर्टसारख्या मोठ्या कागदाला जे चालतं ते रेशन कार्डाला का चालू नये? म्हणून मंडळाने दोन्ही सरकारांकडे एकच मागणी लिहून ठेवली आहे. एक वर्षाहून जास्त वेगळी राहणारी बाई असेल, तर ग्रामपंचायतीचा पंचनामा आणि तिचं स्वतःचं घोषणापत्र यावर तिचं नाव सासरच्या कार्डातून कमी व्हावं आणि माहेरी वेगळं चढावं. मुंबईला निवेदन जाईल, बंगळूरलाही जाईल. आम्हाला कुणी म्हणेल, तुम्ही सीमाप्रश्नवाले, बंगळूरकडे का मागता? राहतो इथे, कर इथे भरतो, मत इथे देतो, म्हणून मागतो. आणि अर्ज मराठीत देऊ. तक्रारीचं निवेदन राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. सोबत कन्नड प्रत जोडावी, असं आमचं मत आहे. काम व्हायला हवं असेल तर वाचणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

पाटील-देशमुखांच्या जुन्या घरांना शेवटचं एक सांगतो, रागावू नका. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लेक दोन-दोन वर्षं घरात बसवून ठेवली जाते, कुणाला कळू नये म्हणून नाडकचेरीतही नेली जात नाही. तेवढ्या काळात तिकडे तिचं नाव कशातून निघतं आणि कशावर राहतं याचा पत्ता लागत नाही. आमच्याकडे आलेल्या बहुतेक घरांनी पहिलं वाक्य हेच म्हटलं, कुणाला सांगू नका. आम्ही सांगत नाही. पण या.

मेळाव्यानंतर मागच्या खोलीत टेबल लावलं आहे. दोन वकील भगिनी बसतील, पुरुष मंडळी बाहेर थांबतील. येताना लेकीची गुणपत्रिका, वडिलांचं आधार आणि चालू असलेला मोबाईल एवढं आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्यासुद्धा. झेरॉक्स पुरे.