वाद अमेरिकेचा, बांध वऱ्हाडचा

(अकोला येथे कार्यकर्ते आणि नागरिकांसमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'अमेरिकेचे राजकारण आणि आपण'. कुणाला वाटेल, इथे कपाशीला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, आणि हे अमेरिकेचे काय काढले? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण हे घोडे व्याह्याने धाडलेले नाही. ते आपणच आणून आपल्या दावणीला बांधले आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात आणि अकोल्याच्या टिळक रोडवर चहाच्या पेल्यासोबत ट्रम्प निघतात, बायडेन निघतात, ओबामा निघतात. घरातही तेच. मुलगा न्यू जर्सीत, वडील अमरावतीला. रविवारी सकाळी फोन लागतो; नातवाच्या दातांची, आजीच्या गुडघ्यांची विचारपूस होते आणि मग कुणीतरी अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय काढतो. पुढच्या रविवारी फोन येत नाही.

असा वाद घालू नये, असे मी म्हणणार नाही. जगाच्या घडामोडींवर बोलणारा समाज जागा असतो. माझा प्रश्न वेगळा आहे. आपण हा वाद कुठे उभे राहून घालतो? वॉशिंग्टनच्या एखाद्या पक्षाच्या मांडवात, की आपल्या शेताच्या बांधावर?

या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडाच्या इतिहासातच आहे. नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर तोफा धडधडल्या. लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस याच दक्षिणी राज्यांतून जात होता. तो अडला. मँचेस्टरच्या गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. निजामाकडून १८५३ साली इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतलेल्या वऱ्हाडावर तर ती खिळलीच. कापसाचे भाव कैक पटींनी चढले. मुंबईत पैशांचा पूर आला, रातोरात कंपन्या निघाल्या. वऱ्हाडच्या काळ्या कसदार जमिनीत कपाशी पसरत गेली. एकेकाळी बैलांच्या तांड्यांवरून थेट मिर्झापूरला जाणारा आपला कापूस आता मुंबईच्या बंदराकडे ओढला जाऊ लागला. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. ती आपल्या सोयीसाठी आली नव्हती. रुईच्या गाठींसाठी आली होती.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुंबईचा सट्टेबाजार बसला, भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. पण मुंबईचा फुगा फुटला तसा वऱ्हाडचा कापूस मागे सरला नाही. शेतकरी लिव्हरपूलच्या भावाला कायमचा जखडला गेला. ज्या मुलखात घरोघरी ज्वारीची पेवे भरलेली असत, तो मुलूख पोटासाठी बाजाराच्या तोंडाकडे पाहू लागला. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत किती भयंकर होती ते कळले. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांच्या या नात्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

मित्रहो, त्या काळी दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याला लिंकनचे नाव तरी ठाऊक असेल का? त्याने त्या निवडणुकीवर कुणाशी वाद घातला नव्हता. तरी त्या निवडणुकीने त्याचे शेत बदलले, पीक बदलले, ताटातले अन्न बदलले. म्हणून मी म्हणतो, अमेरिकेचे राजकारण हा आपल्यासाठी करमणुकीचा विषय नाही.

त्याच काळात महाराष्ट्रातला एक माणूस अमेरिकेकडे डोळे उघडे ठेवून पाहत होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांचा हिशेब मांडला नाही. आपल्या समाजातल्या पीडित बांधवांचा प्रश्न हाती घेऊन ते त्या संघर्षाकडे पाहत होते आणि त्यातून आपल्या लोकांसाठी काय घेता येईल, ते शोधत होते. परक्या देशाचे राजकारण असे वाचायचे असते.

आता आपल्या वादाकडे येऊ. एक म्हणतो, रिपब्लिकन आपले मित्र. दुसरा म्हणतो, डेमोक्रॅट बरे. २०१६ साली दिल्लीत ट्रम्प यांच्या विजयासाठी होमहवनही झाले! जरा क्रमाने पाहू. १९६५-६६ मध्ये देशात दुष्काळ होता. पीएल-४८० करारानुसार येणाऱ्या गव्हाची जहाजे महिन्यामहिन्याच्या हिशेबाने, हात आखडून सोडणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे डेमोक्रॅट. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना रेशनवरची ती तांबडी मिलो आठवत असेल. ज्वारीच्या मुलखाने परक्याची ज्वारी रांगेत उभे राहून घेतली! डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तीच्या ऐन युद्धात सातव्या आरमाराचा ताफा बंगालच्या उपसागराकडे धाडणारे निक्सन हे रिपब्लिकन. मे १९९८ मध्ये अटलजींच्या सरकारने पोखरणला अणुचाचण्या केल्या, तेव्हा निर्बंध लादणारे क्लिंटन हे डेमोक्रॅट.

आणखी एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. मार्च २००५ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना अमेरिकेने व्हिसा नाकारला. तो ज्या तरतुदीखाली नाकारला, ती १९९८ च्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायद्यातून आली होती. त्या कायद्यामागे कुणाचा जोर होता? रिपब्लिकन पक्षाच्या आश्रयाने वावरणाऱ्या ख्रिस्ती पुराणमतवादी गटांचा. त्यावर सही कुणाची? डेमोक्रॅट क्लिंटन यांची. तो वापरला कुणाच्या काळात? रिपब्लिकन बुश यांच्या. आणि याच बुश प्रशासनाने त्यानंतर चारच महिन्यांनी, जुलै २००५ मध्ये, भारताबरोबर अणुसहकार्याचे संयुक्त निवेदन काढले. पुढे २०१४ मध्ये पंतप्रधान म्हणून मोदींचे वॉशिंग्टनमध्ये स्वागत झाले ते डेमोक्रॅट ओबामांच्या हस्ते. यात कोण मित्र आणि कोण शत्रू? ज्याला त्याला आपले राष्ट्रहित दिसत होते. त्यात रागावण्यासारखे काही नाही. राष्ट्रांनी असेच वागायचे असते. आपणही तसेच वागायला शिकले पाहिजे.

'ते उजवे, आपण उजवे, म्हणून ते आपले' हे समीकरण तर मुळातच पोकळ आहे. तिथले उजवेपण तिथल्या चर्चच्या, तिथल्या बाजारपेठेच्या आणि तिथल्या वंशप्रश्नाच्या मातीत वाढले आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववादावर चार व्याख्याने दिली. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोन्ही उसन्या मोजपट्ट्या बाजूला ठेवून आपल्या समाजाचा विचार करा, हे त्यांचे सांगणे होते. ते आपण तोंडाने म्हणतो आणि वाद घालताना मोजपट्टी मात्र अमेरिकेची वापरतो!

आपली मोजपट्टी कोणती, याचे उदाहरण कापसातच सापडते. अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी जेमतेम काही हजार. पण त्यांना मिळणारे अनुदान अब्जावधी डॉलरचे. त्यामुळे जगात भाव पडतो आणि त्याचा फटका आकोटच्या शेतकऱ्यालाही बसतो. हे अनुदान कोणता पक्ष देतो? २००८ सालचा शेती कायदा अध्यक्ष बुश यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवला. तेव्हा तिथल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी, दोन्ही पक्षांच्या मतांनी, तो दोनतृतीयांशाहून अधिक बहुमताने पुन्हा मंजूर केला. कारण तिथल्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. पावणेचार कोटींहून अधिक वस्तीच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोन. त्यामुळे शेतीप्रधान लहान राज्यांचा शब्द तिथे जड पडतो. हे ठाऊक नसलेला माणूस रात्रभर वाद घालील, पण कापसाचा भाव का पडला ते सांगू शकणार नाही.

आणि ब्राझीलने काय केले पाहा. अमेरिकेचा अध्यक्ष चांगला की वाईट यावर त्याने घसा कोरडा केला नाही. २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत त्याने कापूस अनुदानाविरुद्ध तक्रार नोंदवली. आकडे मांडले, कागद मांडले. भारतही त्यात त्रयस्थ पक्ष म्हणून सहभागी होता. २००४ मध्ये आणि अपिलानंतर २००५ मध्ये निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. शेवटी २०१४ मध्ये तडजोड होऊन अमेरिकेला ३० कोटी डॉलर मोजावे लागले. वाद घालावा तर असा!

ऑगस्ट २०२५ मध्ये काय घडले ते आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. ह्यूस्टनच्या आणि अहमदाबादच्या सभांतल्या आलिंगनांची छायाचित्रे घराघरांत होती. तरीही २७ ऑगस्टपासून भारतीय मालावरचे अमेरिकेचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले. कापड निर्यातदार हादरले. त्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत उठवले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव जाहीर झाला होता क्विंटलमागे ८,११० रुपये. पण बाहेरचा कापूस विनाशुल्क येणार म्हटल्यावर, वेचणीच्या तोंडावर, शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठला. गिरणीचे हित आणि शेताचे हित यांची ही ओढाताण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. आपल्या संघटनेतल्या माणसाने अशा वेळी स्पष्ट बोलले पाहिजे. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून शेतकऱ्याचे दुखणे झाकणे ही निष्ठा नव्हे.

अमेरिकेशी कसे वागावे याचा धडा अमरावतीच्याच सुपुत्राने घालून दिला आहे. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्यामागचे कर्ते होते केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख. उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्यासोबत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. भाऊसाहेबांनी त्यांचा पक्ष विचारला नाही आणि त्यांच्या पुढेपुढेही केले नाही. अमेरिकेचा अध्यक्ष आपल्या शेतकऱ्यांच्या मेळ्यात आणून उभा केला!

आता घरातल्या वादाविषयी थोडे बोलतो, कारण तो अधिक नाजूक आहे. आपली मुले तिथे गेली आहेत. १९९० च्या कायद्यानुसार रोजगारावर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, म्हणून भारतीय तरुण वर्षानुवर्षे रांगेत उभा राहतो. दोन्ही पक्षांची सरकारे आली नि गेली, ती मर्यादा हलली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. अमरावतीत बसून आपण ज्या नेत्याचा जयजयकार करतो, त्याच्या एका सहीने आपल्याच मुलाची झोप उडू शकते. तो चिडला तर त्याला 'डावा झाला' म्हणून हिणवू नका. तसेच मुलांनीही इथल्या वडिलांना अडाणी समजू नये. त्यांनी वऱ्हाडचे तोटे पोटाशी धरून आयुष्य काढले आहे.

जो तिथला नागरिक झाला, त्याची कर्मभूमी ती. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून डेमोक्रॅट म्हणून अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले. ते मराठी आहेत म्हणून आपल्याला कौतुक जरूर वाटावे. पण त्यांनी मिशिगनच्या मतदारांचे काम करावे, हेच योग्य आहे. आपल्या मुलांनीही तिथे मत देताना आपली बुद्धी वापरावी. संस्कार आपण दिले आहेत. मतपत्रिका त्यांची आहे.

तेव्हा मित्रहो, तीन पथ्ये सांगतो. पहिले, अमेरिकेची कोणतीही बातमी आली की आधी विचारा, याचा माझ्या गावच्या कपाशीवर, संत्र्यावर, माझ्या देशाच्या सुरक्षेवर परिणाम काय? दुसरे, व्यक्तीपेक्षा व्यवस्था अभ्यासा. अध्यक्षाच्या भाषणापेक्षा तिथल्या संसदेने केलेला कायदा अधिक टिकतो. तिसरे, वादात माणूस तोडू नका. चार वर्षांनी अध्यक्ष बदलेल, मुलगा बदलता येणार नाही.

प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक अभ्यासवर्गात एक तरी तरुण असा तयार व्हावा, जो जागतिक बाजारातला कापसाचा भाव, आयातशुल्क आणि परदेशातले शेती कायदे यांचा हिशेब ठेवील आणि तो साध्या मराठीत गावाला समजावून सांगेल. १८६१ साली वऱ्हाडला समजावणारे कुणी नव्हते. आज ते न समजून घेण्याला आपल्याकडे कोणतीही सबब उरलेली नाही.

भारतमाता की जय!