इंजिनातला मोडलेला हीटर प्लग

आपल्या छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, ओळख करून देताना आपण वेरूळ-अजिंठ्याची लेणी सांगतो, बीबी का मकबरा सांगतो, पाणचक्की सांगतो. परंतु चिकलठाणा आणि वाळूज येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्यापासून या शहराला आणखीही एक ओळख लाभली आहे. ती म्हणजे रात्रंदिवस ये-जा करणाऱ्या मालमोटारींची आणि रस्त्याच्या कडेला त्यांची दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजांची. या गॅरेजांत वारंवार उभ्या राहणाऱ्या एका पेचाविषयी मी आज बोलणार आहे. डिझेल इंजिनातला हीटर प्लग काढता काढता मोडला, तर पुढे काय करावे?

विषय ऐकून कोणी म्हणेल, "अहो, हे मिस्त्र्याचे काम. कॉलेजातल्या मास्तराने त्यात कशाला पडावे?" प्रश्न रास्त आहे. पण ज्याची एकुलती एक गाडी आहे, तिच्या कर्जाचा हप्ता चालू आहे आणि तिच्यात लासूरच्या बाजाराला न्यावयाचा कांदा भरून ठेवला आहे, त्याच्या दृष्टीने हा बोटभर प्लग म्हणजे संसाराचाच प्रश्न होऊन बसतो. अशा वेळी गॅरेजात निर्णय एकटा मिस्त्री घेत नाही. मालकाच्या घाईचाही त्यात वाटा असतो. म्हणून मालकालाही चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

प्रथम हा प्लग असतो कशासाठी, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, हा अनुभव आपणां सर्वांना आहे. हवा दाबली की ती तापते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने हेच तत्त्व हाती धरले आणि 1897 साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. या इंजिनात हवा साधारण 16 ते 22 पट दाबली जाते. ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो.

मात्र पहाटेच्या गारठ्यात इंजिनाचे लोखंडच थंडगार असते. दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते आणि फवारा पेटत नाही. स्टार्टर कण्हत राहतो आणि बॅटरी उतरते. अशा वेळी आत थोडी धग हवी. ती धग देणारी विजेची कांडी म्हणजे हीटर प्लग. पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री हीटरच म्हणतात, आणि ते नाव अधिक अर्थवाही आहे.

आपल्या देशात या प्लगचा इतिहास जुना आहे. टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने 1954 साली जमशेदपूरला ट्रक बांधावयास आरंभ केला. त्या काळच्या मर्सिडीज इंजिनांत सिलिंडरच्या डोक्यावर एक लहानशी कोठडी असे. डिझेल प्रथम त्या कोठडीत पेटे आणि मग खाली उतरे. अशा इंजिनाला थंडीत हीटरवाचून गती नसे. त्या वेळचे प्लग उघड्या तारेचे आणि एकाच माळेत जोडलेले असत. दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखेच! एक गेला की सगळे गार. पुढे मोठ्या ट्रकांत फवारा सरळ सिलिंडरमध्ये सोडण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यांतल्या पुष्कळांना प्लगची गरज उरली नाही. लहान मालगाड्या आणि पिकअप यांत मात्र तो आजही सापडतो. हल्ली प्रत्येक प्लगला स्वतंत्र प्रवाह मिळतो, त्यामुळे एक बंद पडला तरी बाकीचे चालतात.

आजचा प्लग पेन्सिलीपेक्षा फारसा जाड नसतो. वर पान्यासाठी षट्कोनी डोके, त्याखाली आटे, आणि शेवटी एक बारीक पोलादी नळी. नळीच्या आत तारेचे वेटोळे आणि त्याभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. किल्ली फिरविली की काही क्षणांत त्याचे टोक लालबुंद होते. उष्णता 850 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

आता तो मोडतो कसा? वर्षानुवर्षे त्याच्या टोकाभोवती काजळी साचते आणि दगडासारखी घट्ट होते. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असले, तर पोलादी आटे आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरतो. कधी मागच्या वेळी कोणी तो अति जोराने आवळलेला असतो. म्हणजे वरचा भाग पान्याबरोबर फिरू पाहतो, खालचा जागा सोडीत नाही, आणि मधली बारीक मान पिळवटून तुटते.

तेव्हा तो मोडू नये याची विद्या आधी शिकावी. इंजिन गरम असतानाच काम सुरू करावे. आट्यांच्या तोंडाशी गंज सोडविणारे पातळ तेल घालावे आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. प्लग विजेच्या दृष्टीने शाबूत असेल, तर त्याला काही मिनिटे प्रवाह द्यावा, म्हणजे भोवतालची काजळी जळून सैल होते. हा प्रवाह मात्र त्या प्लगच्याच व्होल्टेजचा असावा, नाहीतर तो तिथेच जळून जाईल. मग बेताच्या जोराने पाव फेरा सोडावा, पुन्हा थोडा आवळावा, पुन्हा तेल घालावे, पुन्हा सोडावा. आटे असे मागेपुढे करीतच मोकळे होतात.

बेताचा जोर म्हणजे किती? याला मोजमाप आहे. 10 मिलिमीटर आट्यांचा प्लग सोडविताना 35 न्यूटन-मीटरच्या पलीकडे जाऊ नये, असे प्लग तयार करणारे सांगतात. 8 मिलिमीटरच्या प्लगला ही मर्यादा 20 न्यूटन-मीटर आहे. हे आकडे घरगुती भाषेत सांगतो. सुमारे 35 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 10 किलोची पिशवी टांगली, तर जो पीळ बसतो तो 35 न्यूटन-मीटरच्या जवळपासचा. एवढासाच! अंगात जोर असलेला शिकाऊ पोरगा पान्याला नळी लावून ओढू लागला, तर तो या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो, आणि ते त्याला कळतही नाही. म्हणून जोर दाखविणारा टॉर्क पाना वापरावा. मर्यादा आली तरी प्लग हलला नाही, तर हात थांबवावा आणि तेल व उष्णता यांकडे परत जावे.

समजा, इतके करूनही तो मोडला. तर पहिली गोष्ट म्हणजे बॅटरीची तार काढावी आणि मोडलेला तुकडा हातात घेऊन नीट पाहावा. किती बाहेर आले आणि किती आत राहिले, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. कधी षट्कोनी डोके तुटते आणि आट्यांचा भाग आतच बसून राहतो. कधी आटे सुखरूप बाहेर येतात, पण खालचे टोक काजळीत अडकून राहते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. टोक तुटून सिलिंडरमध्ये पडते. वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये जागा असते जेमतेम मिलिमीटरच्या आसपास. तिथे लोखंडाचा कण सापडला तर पिस्टनचीही धडगत नाही आणि व्हॉल्व्हचीही नाही. म्हणून मोडल्यानंतर, "बघू तरी चालू होते का," असे म्हणून स्टार्टर मारणे हा शुद्ध आत्मघात होय.

आटे आत राहिले असतील आणि तुकड्याचा काही भाग वर दिसत असेल, तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे ढिले होतात आणि नट फिरवून तुकडा बाहेर येतो. वर काहीच शिल्लक नसेल तर ड्रिलला पर्याय नाही. येथे खरी परीक्षा. तुकडा पोलादाचा, भोवतालचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. ड्रिल सदैव मऊ बाजूकडे घसरू पाहते. ते घसरले की हेडचे आटे गेले. म्हणून आधी ड्रिलला सरळ धरणारी मार्गदर्शक नळी भोकात बसवितात, बरोबर मध्यावर बारीक भोक पाडतात आणि मग ते क्रमाक्रमाने मोठे करतात. उलट्या पिळाचे ड्रिल असेल तर ते कापता कापता तुकड्याला सोडविण्याच्या दिशेनेच फिरविते. खाली उरलेल्या टोकाला आतून आटे पाडून त्यात दांडा बसवितात आणि दांड्यावर सरकणाऱ्या वजनाचे ठोके देऊन ते वर ओढून काढतात.

पुष्कळजण भोकात कडक पोलादाचा उलट्या पिळाचा इझी-आउट ठोकतात. पण तो आत मोडला तर संकट दुप्पट होते, कारण साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही. या सर्व कामात ड्रिलला ग्रीस लावावे म्हणजे कीस त्याला चिकटून वर येतो. त्या सिलिंडरचे नोझल काढून आतली सफाई करावी आणि शेवटी दिव्याची बारीक दुर्बीण घालून आत काही राहिले नाही, याची खात्री करून घ्यावी. नवा प्लग बसविण्यापूर्वी भोकातली काजळी रिमरने काढावी. नाहीतर आजच्या प्रसंगाचे बीज आपण पुन्हा पेरलेच म्हणून समजा.

आणखी एक पर्याय असतो. तो म्हणजे काहीच न करण्याचा. मोडलेला तुकडा आट्यांत घट्ट असेल, तिथून दाब गळत नसेल आणि खालचे टोक जागच्या जागी पक्के असेल, तर आपल्या मराठवाड्याच्या हवेत गाडी बरेच दिवस काम देऊ शकते. सकाळी थोडा धूर निघेल, इंजिन जरा अडखळेल, एवढेच. पुढे कोणत्याही कारणाने हेड उतरेल तेव्हा ते लेथवर नेऊन तुकडा निवांत काढता येतो. टोक सैल असल्याची शंका जरी आली, तरी मात्र हा पर्याय बाद. मग हेडच उतरवावे. त्याचा खर्च मोठा, पण नव्या इंजिनापेक्षा खचित कमी.

श्रोतेहो, या साऱ्याचा विचार करताना मला एक गोष्ट फार जाणवते. आपण गॅरेजात केलेल्या कामाचे पैसे देतो. थांबण्याचे देत नाही. उस्ताद म्हणाला, "तेल टाकून ठेवतो, उद्या या," तर आपल्याला वाटते, हा टाळाटाळ करतो आहे. शेजारचा दुसरा म्हणतो, "अर्ध्या तासात काढून देतो," आणि आपण त्याच्याकडे वळतो. मग पहिलाही हळूहळू शिकतो, की या गावात सबुरीला गिऱ्हाईक नाही. आणि त्याच्या हाताखालचा पोरगा तर सबुरी कधी पाहतच नाही. प्लग मोडतो तो पान्याने खरा, पण त्या पान्यामागे आपल्या घाईचाही जोर लागलेला असतो.

तेव्हा गाडी गॅरेजात लावताना मालकाने तीन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. प्लग सहज निघाला नाही तर रात्रभर थांबायचे का? मोडला तर कुठवर प्रयत्न करायचा आणि कुठे हात आखडायचा? आणि हेड उतरविण्याची वेळ आली तर खर्च किती? ही बोलणी पाना हाती घेण्यापूर्वी व्हावीत. आणि उस्तादाने एक रात्र मागितली, तर त्या रात्रीची मजुरीही त्याला आनंदाने द्यावी.